कॉर्नफ्लोअर चमच्याला का अडवतं?

100 ग्रॅम कॉर्नफ्लोअर घ्या. सूपला लावतात ते पांढरं, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. त्यात 80 मिली गार पाणी थोडं थोडं घालत चमचा सावकाश फिरवा. जमलेलं मिश्रण बोटांतून ओघळतं, पण बुक्की मारली की टणक लागतं.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा स्टार्च. त्याचे कण साधारण 5 ते 20 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि गार पाण्यात विरघळत नाहीत. वरच्या प्रमाणात जवळजवळ 45 टक्के जागा त्यांनीच व्यापलेली असते. हळू ढवळताना दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ थर टिकतो, त्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात. जोर वाढला की तो थर पुरत नाही, कणाला कण भिडतो आणि घासू लागतो.

खरी मेख इथे आहे. एकसारख्या गुळगुळीत गोळ्या अस्ताव्यस्त भरल्या तर सुमारे 64 टक्के जागा भरेपर्यंत हलू शकतात. घर्षण असेल तर 55-58 टक्क्यांच्या आसपासच अडकतात. स्टार्चचे कण ओबडधोबड, म्हणून त्यांची मर्यादा आणखी खाली. म्हणजे कण तेवढेच, पाणीही तेवढंच. जोर लावल्यावर खाली येते ती अडकण्याची मर्यादा. वायार्ट आणि केट्स या भौतिकशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये हे गणितात मांडलं. त्याआधी, प्रवाहामुळे कणांचे पुंजके होतात असं स्पष्टीकरण दिलं जाई, पण तेवढ्यानं श्यानता (म्हणजे दाटपणा, वाहण्याला होणारा विरोध) अचानक कित्येक पटींनी का वाढते हे सुटत नव्हतं.

म्हणूनच प्रमाण सांभाळावं लागतं. आणखी 30 मिली पाणी गेलं की नुसतं पांढरं पाणी हाती येतं. मिश्रण तसंच ठेवलं तर स्टार्च (पाण्याच्या दीडपट जड) तळाशी घट्ट बसतो. तो झटक्यानं खरवडू नका, चमचा हळू रुतवून उचला. सिंकमध्येही ओतू नका, पाइपात हाच थर बसतो. आणि गरम पाणी नकोच: 65 अंशांच्या आसपास कण पाणी पिऊन फुगतात. सूप दाट होतं ते त्यामुळे, आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही.

चॉकलेटच्या कारखान्यात नेमकं उलट हवं असतं. साखर आणि कोकोचे कण कोको बटरमध्ये घोटताना आधी कोरडे गोळे होतात. शेवटी चिमूटभर लेसिथिन (सोयाबीनसारख्या पदार्थांतून मिळणारा स्निग्ध घटक) पडलं की घर्षण उतरतं, अडकण्याची मर्यादा वर सरकते आणि तोच गोळा वाहू लागतो. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये हे मोजून दाखवलं. लेसिथिन नसतं, तर तेवढ्याच प्रवाहीपणासाठी महागडं कोको बटर जास्त ओतावं लागलं असतं.