तीन नंबरच्या काळ्या गाडीच्या वाटेने
(शार्लटहून एक दिवसाची सहल : आमच्या पाहुण्यांसाठी माहिती)

नमस्कार. आमची एकच गाडी आहे, सात जणांची. मुलांकडे आलेल्या आईबाबांना आम्ही डेल अर्नहार्टच्या गावी नेतो. तीन नंबरची काळी गाडी पळवणारा हा अमेरिकेतला स्टॉक कार शर्यतींचा ड्रायव्हर. निघण्याआधी हे वाचून घ्यावं, म्हणजे तिथे पोचल्यावर काय पाहतोय ते कळेल.

स्टॉक कार दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी, आतून मात्र निव्वळ शर्यतीची. अंडाकृती ट्रॅकवर डावीकडे वळत शेकडो मैल पळवायची. या खेळाचं वर्षभराचं विजेतेपद अर्नहार्टने 7 वेळा मिळवलं. 18 फेब्रुवारी 2001 ला ‘डेटोना 500’ या 500 मैलांच्या शर्यतीत अगदी शेवटच्या फेरीत त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. वय 49. ती शर्यत जिंकली त्याच्याच मालकीच्या संघातल्या मायकल वॉल्ट्रिपने. वॉल्ट्रिपचा तो पहिलाच विजय, 463 व्या शर्यतीत. त्या वर्षी पुढच्या शर्यतींमध्ये तिसरी फेरी आली की प्रेक्षक उभे राहून तीन बोटं वर करत.

पहिला थांबा कॅनापोलिस. हे कापड गिरण्यांचं गाव. सोलापूर-इचलकरंजीकडच्या मंडळींना इथलं वातावरण लगेच समजतं. डेलचे वडील राल्फ हेही शर्यतीतले गाजलेले ड्रायव्हर. 1973 मध्ये ते अचानक गेले. पोराने शाळा नववीतच सोडली होती. गावात त्याचा 9 फुटी ब्राँझचा पुतळा आहे. गावाजवळच्या रस्त्याचा नंबरही त्याच्यासाठी बदलून 3 केला.

तिथून वेलकम नावाच्या गावातलं संग्रहालय. इथे घाई करू नका. डेटोना 500 जिंकायला अर्नहार्टला 20 वर्षं लागली. 1998 च्या शर्यतीच्या आदल्या दिवशी व्हीलचेअरवरच्या एका लहान मुलीने त्याच्या हातात एक सेंटचं नाणं ठेवलं, शुभशकुन म्हणून. त्याने ते गोंदाने डॅशबोर्डला चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी जिंकला. पिटमध्ये, म्हणजे गाड्या टायर-पेट्रोलसाठी थांबतात तिथे, सगळ्या संघांची माणसं हात मिळवायला रांगेत उभी राहिली. ती गाडी इथे आहे. वाकून आत पाहा, नाणं शोधा. आमच्या मते ही सगळी सहल त्या एका सेंटसाठी करावी. संग्रहालयाच्या वेळा बदलतात, त्या आम्ही आदल्या दिवशी विचारून घेतो.

तो नेमका कशाने गेला, हे इंजिनिअर मंडळी हमखास विचारतात म्हणून सांगतो : अशा अपघातात अंग पट्ट्याने बांधलेलं राहतं, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि कवटीचा तळ मोडतो. हेल्मेट खांद्यावरच्या कॉलरला बांधणारं ‘हान्स’सारखं साधन 2001 च्या ऑक्टोबरमध्ये सक्तीचं झालं. नंतर ट्रॅकच्या भिंतींवर धक्का शोषणारे अडसरही बसले.

डेटोना फ्लोरिडात आहे, एका दिवसात होत नाही. समाधी घरच्यांच्या खासगी जागेत आहे, तिथे आम्ही नेत नाही. कृपया आग्रह करू नये. पुतळ्यापाशी कुणी फुलं किंवा टोपी ठेवलेली दिसली, तर फोटोसाठी ती बाजूला सारू नका.