‘दाबोळी बंद’ म्हणजे नेमके काय बंद?

पर्यटन हंगाम तोंडावर आला की गोव्यात दाबोळीचा जुना विमानतळ राहणार की जाणार, ही चर्चा नव्याने पेटते. एखादी आंतरराष्ट्रीय विमानसेवा दाबोळी सोडून उत्तर गोव्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावर गेली की दक्षिणेतल्या मुरगाव-सासष्टी तालुक्यांत निवेदने निघतात, ग्रामसभांत ठराव होतात आणि सरकारकडून ‘दाबोळी बंद होणार नाही’ असे उत्तर मिळते. दोन्ही बाजू ‘बंद’ हाच शब्द वापरतात, पण त्यांच्या मनातला अर्थ वेगळा असतो. हा घोळ मार्च २००० मधल्या एका अटीपासून सुरू झाला आहे. ती अट समजून घेतल्याशिवाय आजचा वाद कळत नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात बांधली. भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर गोवा, दमण आणि दीव यांना जोडायला त्यांना हवाई मार्गाशिवाय पर्याय उरला नव्हता. पोर्तुगीज इंडियाची स्वतःची विमानसेवा होती आणि तिची विमाने कराचीपर्यंत जात. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने धावपट्टीवर बॉम्बफेक केली, पण टर्मिनलची इमारत जाणूनबुजून वाचवली. त्याच रात्री दोन विमाने खड्डे चुकवत उडाली आणि कराचीला पोहोचली. मुक्तीनंतर तळ नौदलाकडे आला आणि १९६४मध्ये नौदलाचा हवाई तळ कोईमतूरजवळच्या सुलूरहून इथे हलवण्यात आला. दाबोळीच्या पुढच्या सगळ्या अडचणींची मुळे या हस्तांतरात आहेत. धावपट्टी नौदलाची राहिली आणि प्रवासी वाहतुकीला तिच्या कडेची जागा मिळाली. तिला सरकारी भाषेत ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात. म्हणजे ज्याला आपण गोव्याचा विमानतळ म्हणत आलो, तो कागदोपत्री नौदलाच्या तळाला लागून असलेले एक नागरी आवार होता.

वाहतूक तुरळक होती तोवर हे खपून गेले. १९८३मध्ये राष्ट्रकुल प्रमुखांच्या बैठकीचा विश्रांतीचा टप्पा गोव्यात झाला, त्याच्या तयारीत दाबोळीच्या सुविधा वाढल्या. दशक संपता संपता युरोपातून पर्यटकांची चार्टर, म्हणजे पूर्ण भाड्याने घेतलेली, विमाने येऊ लागली. नौदलाच्या सरावासाठी सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास नागरी उड्डाणांना बंदी असे. त्यामुळे चार्टर आणि देशांतर्गत विमाने दुपारनंतर एकदमच उतरत आणि सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहायला जागा नसे. नव्या विमानतळाची मागणी या गर्दीतून पुढे आली आणि पेडणे तालुक्यातले मोपाचे पठार निवडले गेले.

मार्च २०००मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मोपाला तत्त्वतः मंजुरी दिली, ती एका अटीवर. मोपा सुरू झाल्यावर दाबोळी नागरी वाहतुकीसाठी बंद करायची. मुद्दा ‘नागरी वाहतुकीसाठी’ या दोन शब्दांत आहे. धावपट्टी बंद होणार नव्हती आणि नौदल हलणार नव्हते. जाणार होते ते फक्त प्रवासी. त्यांच्यासोबत टॅक्सीवाले, हॉटेलवाले, मालवाहतूकदार आणि विमानतळाजवळच्या वास्को-चिखलीतल्या रोजगारावर जगणारी घरेही ओढली जाणार होती. दक्षिण गोव्यात ‘दाबोळी बंद’ ही घोषणा या भीतीतून निघाली. तिला उत्तर म्हणून ‘आधी नौदलाला कारवारला पाठवा’ ही मागणी आली. कारवारचा नौदल तळ तेव्हा उभा राहत होता, म्हणून ती मागणी अवास्तव वाटत नव्हती. पण जहाजांचा तळ वेगळा आणि वैमानिक घडवणारा हवाई तळ वेगळा. नौदलाने दाबोळी सोडण्याची तयारी कधीच दाखवली नाही.

उत्तरेकडची बाजूही ऐकायला हवी. पेडणे हा नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या भागातला तालुका. रोजगारासाठी पोरांनी म्हापसा, पणजी नाहीतर मुंबई गाठायची, ही तिथली जुनी रीत. मोपामुळे ती मोडेल अशी आशा होती. पण पठार काही मोकळे नव्हते. त्यावर काजूच्या बागायती होत्या, कुळांच्या जमिनी होत्या, धनगर समाजाची वस्ती आणि गुरांची चराई होती. भूसंपादनाची किंमत या लोकांनी मोजली. ‘उत्तर विरुद्ध दक्षिण’ या भांडणात त्यांचे म्हणणे सर्वांत कमी ऐकले गेले, हे मला आजही खटकते.

२०१०मध्ये केंद्राने जुनी अट मागे घेतली आणि मोपानंतरही दाबोळीवर नागरी वाहतूक चालू ठेवायला मान्यता दिली. २००८च्या केंद्रीय धोरणात १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ काढायचा तर जुन्यावर काय परिणाम होईल हे तपासावे, असे म्हटले होते. उभ्या गोव्याची लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे इथला दुसरा कुठलाही विमानतळ पहिल्याच्या सावलीतच येणार होता. तरीही प्रवासी दोन ठिकाणी कसे वाटले जातील याचे बंधनकारक सूत्र ठरले नाही. ‘बंद’ची अट गेली, पण तिच्या जागी काही आले नाही. माझ्या मते सगळ्यात महाग पडलेली चूक हीच.

त्यानंतरच्या घटना वेगाने झाल्या. दाबोळीत २०१३च्या अखेरीस नवी टर्मिनल इमारत उघडली. २०१६मध्ये मोपाचे कंत्राट खासगी कंपनीला मिळाले आणि त्याच वर्षी पायाभरणी झाली. मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण दाखला स्थगित केला, कारण अर्जात आसपासच्या संवेदनशील क्षेत्राची माहितीच नीट दिलेली नव्हती. जानेवारी २०२०मध्ये अटी घालून स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उतरू लागली. मोपाला ‘मनोहर’ हे नाव दिवंगत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या स्मरणार्थ देण्यात आले. आडनाव का गाळले, यावरही बरेच बोलले गेले.

आता दाबोळीचे तिकीट ‘जीओआय’ आणि मोपाचे ‘जीओएक्स’ या संकेताक्षरांनी निघते. पणजीहून दाबोळीला झुआरी ओलांडून जायचे, मोपाला मांडवी ओलांडून. दोन्ही प्रवास साधारण तासाभराचे. फरक पडतो पैशात. मोपाच्या कंत्राटात राज्य सरकारचा महसुलात ३६.९९ टक्के वाटा ठरला आहे, तर दाबोळीचे टर्मिनल केंद्राच्या संस्थेकडे आहे. लंडनची सेवा २०२३मध्ये मोपाला गेली, आखातातली एक मोठी विमान कंपनी २०२४मध्ये गेली. हे निर्णय कंपन्यांनी घेतले, मंत्रिमंडळाने नव्हे. सरकार ‘बंद होणार नाही’ म्हणते ते २०१०च्या निर्णयाला धरून. वास्कोतला टॅक्सीवाला मात्र फलकावरच्या विमानांची संख्या मोजतो. त्याच्यासाठी ‘बंद’चा अर्थ तेवढाच आहे.