सायतो हाजिमे नक्की कोणाशी एकनिष्ठ होता?

शिनसेनगुमी, म्हणजे 1860 च्या दशकात शोगुनच्या बाजूने क्योतोत बंदोबस्त ठेवणारी तलवारबाजांची फौज, तिच्यावरचे अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना सायतो हाजिमे माहितीच असतो, कमी बोलणारा, तलवारीत तरबेज, तिसऱ्या तुकडीचा कप्तान. तो कोणाशी एकनिष्ठ होता विचारलं की बहुतेक जण शोगुन, म्हणजे सम्राटाच्या नावाने जपानवर राज्य करणारा तोकुगावा घराण्यातला लष्करी शासक, म्हणतात, पण मला ते उत्तर अर्धंच वाटतं, आणि उरलेलं अर्धं शोधायला थेट 1668 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या साली आइझु या उत्तरेकडच्या जहागिरीचा दाइम्यो (जहागीरदार) होशिना मासायुकी याने घराण्यासाठी 15 कलमं लिहून ठेवली. हा तिसऱ्या तोकुगावा शोगुनचा सावत्र भाऊ. पहिलंच कलम असं की शोगुनची सेवा मनापासून करायची, जो वारस यात कसूर करेल तो माझ्या वंशाचा नाही. दोनशे वर्षं हे पाळणं काही अवघड गेलं नाही. मग 1853 ला पेरीची अमेरिकन जहाजं आली, शोगुनचा वचक उतरला, सम्राटाच्या राजधानीत, क्योतोत, त्याचंच नाव घेऊन दिवसाढवळ्या खून पडायला लागले आणि 1862 मध्ये तिथला बंदोबस्त आइझुचा तेव्हाचा दाइम्यो मात्सुदाइरा कातामोरी याच्या गळ्यात आला. त्याचे स्वतःचे कारभारी नको म्हणत होते, तोही आधी तयार नव्हता, पण ते पहिलं कलम पुढे आलं आणि त्याला नाही म्हणता येईना.

1863 मध्ये त्याच्याच आश्रयाने शिनसेनगुमी उभी राहिली. तिचा प्रमुख कोन्दो इसामी आणि उपप्रमुख हिजिकाता तोशिझो तर शेतकऱ्यांची पोरं, बाकीचे बरेचसे रोनिन, म्हणजे धनी नसलेले सामुराई. यांना पगार, काम आणि मान दिला तो आइझुने, शोगुन फार लांब होता. माझ्या मते सगळं इथेच ठरलं.

जानेवारी 1868 ला शोगुनची बाजू क्योतोजवळची तोबा-फुशिमीची लढाई हरली आणि नुकतंच पद सोडलेला शोगुन योशिनोबु आपलं सैन्य ओसाकात तसंच टाकून रातोरात जहाजाने एदोला (आजचं तोक्यो) निघून गेला, जाताना कातामोरीलाही सोबत घेऊन गेला! पुढे योशिनोबुने शरणागती पत्करली आणि सात्सुमा व चोशु या नैऋत्येच्या जहागिरींनी सम्राटाच्या नावाने उभ्या केलेल्या नव्या सरकारचा सगळा राग आइझुवर निघाला, आइझु सम्राटाचा शत्रू ठरला. ज्या कातामोरीला आधीच्या सम्राटाने स्वतः शाबासकीचं पत्र लिहिलं होतं त्याच्यावर हा शिक्का बसला, हे वाचताना मला अजूनही त्रास होतो.

त्या वर्षी मे मध्ये कोन्दोचं डोकं उडवलं गेलं. आइझुकडे जाणारी खिंड शत्रूच्या हाती पडल्यावर हिजिकाता उत्तरेला निघाला, पुढे 1869 मध्ये हाकोदातेला मारला गेला. सायतो मात्र थोडी माणसं घेऊन आइझुतच थांबला, ज्यांनी आपल्याला आसरा दिला त्यांचा किल्ला पडत असताना निघून जाणं त्याला पटलं नाही. किल्ल्याने महिनाभर वेढा सोसला आणि मग शरण गेला. आइझुकडे 2 लाख 30 हजार कोकूची (कोकू म्हणजे भाताच्या उत्पन्नाचं माप) जहागीर होती, त्याऐवजी पार उत्तरेला तोनामी नावाची थंड, नापीक जमीन मिळाली, कागदावर 30 हजार कोकूची. सायतो मूळचा एदोचा, तरी तोही त्यांच्यासोबत तिकडे गेला. पुढे त्याने लग्न केलं ते आइझुच्याच ताकागी तोकिओशी, जी वेढ्यात किल्ल्याच्या आत होती, आणि ते जुळवण्यात खुद्द कातामोरी होता. 1915 ला तो तोक्योत वारला, पण कबर आइझुतच आहे, अमिदाजी देवळात.

आता आक्षेप असा घेतात की फुजिता गोरो या नावाने तो त्याच नव्या, म्हणजे मेजी, सरकारच्या पोलिसात शिरला म्हणजे शेवटी बदललाच ना. पण 1877 मध्ये पोलीस तुकडीतून तो लढायला गेला ते सात्सुमाच्या बंडाविरुद्ध. सात्सुमाने 1863 मध्ये आइझुच्या खांद्याला खांदा लावून चोशुला क्योतोबाहेर काढलं होतं, आणि 1866 मध्ये त्याच चोशुशी गुपचूप हातमिळवणी केली होती. आइझुचे कितीतरी जुने सामुराई तेव्हा पोलिसात भरती होऊन दक्षिणेला गेले, सायतो त्यांच्यातलाच एक, तिथे जखमीही झाला.