साठा किती असावा: एका जुन्या हिशेबाची पार्श्वभूमी

मालाची मोजदाद लिपीइतकीच जुनी आहे. मेसोपोटेमियातल्या उरुक शहरात सापडलेल्या, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर काव्य नाही की राजांच्या कथा नाहीत. बहुतेक पाट्यांवर धान्य, जनावरं, कापड यांच्या आवक-जावकेचे हिशेब आहेत. १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं दुहेरी नोंदीची (प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याची) पद्धत समजावली, तेव्हाही सुरुवात याद्यांपासूनच केली: व्यापाऱ्यानं आधी आपल्याजवळ काय काय आहे ते लिहून काढावं, मग वह्या उघडाव्यात. ‘आहे किती?’ हा प्रश्न असा मुरलेला. ‘मागवायचं किती?’ या प्रश्नावर मात्र विसावं शतक उजाडेपर्यंत अंदाजपंचेच कारभार चालत होता.

हा दुसरा प्रश्न हिशेबात बसवला फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी अभियंत्यानं. फेब्रुवारी १९१३ मध्ये ‘फॅक्टरी’ नावाच्या मासिकात त्याचा छोटासा लेख आला. विषय होता, कारखान्यात एका वेळी किती सुटे भाग बनवावेत. त्याचं म्हणणं असं की इथे दोन खर्च एकमेकांविरुद्ध ओढत असतात. दर वेळी मागणी नोंदवायला किंवा यंत्र नव्या कामासाठी लावायला ठरावीक खर्च येतो, म्हणून एकदम भरपूर घ्यावं वाटतं. पण भरपूर घेतलं की पैसा अडकतो, जागा अडते, माल खराब होतो. दोन्ही मिळून खर्च सर्वात कमी पडेल असं प्रमाण काढायचं सूत्र त्यानं दिलं.

आकडे घालून पाहू. वर्षाला १२०० नग लागतात, प्रत्येक ऑर्डरचा खर्च १०० आणि एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च ६. हॅरिसच्या सूत्रात १२०० ला १०० नं आणि २ नं गुणायचं, ६ नं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर २००. म्हणजे वर्षात ६ ऑर्डरी, त्यांचा खर्च ६००. सरासरी साठा १०० नगांचा, त्याचाही खर्च ६००. दोन्ही बाजू बरोबर तुलतात, एकूण १२००. आता चुकून २०० ऐवजी ३०० मागवले तर? ऑर्डरीचे ४०० आणि साठ्याचे ९००, मिळून १३००. प्रमाण दीडपट चुकलं तरी खर्च वाढला तो जेमतेम ८ टक्के. माझ्या मते या सूत्राची खरी गंमत ही आहे. ते अचूक आकड्यासाठी अडून बसत नाही. आकडा साधारण त्या आसपास असला की काम भागतं. दुसरी गोष्ट, विक्री चौपट झाली तरी ऑर्डर दुप्पटच होते. ‘धंदा वाढला, गोदामही त्याच पटीत वाढवा’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

हॅरिसनं मागणी वर्षभर एकसारखी धरली होती, आणि प्रत्यक्षात ती कधीच तशी नसते. १९३४ मध्ये आर. एच. विल्सननं प्रश्नाचे दोन भाग पाडले: किती मागवायचं, आणि साठा कुठवर उतरला की मागवायचं. माल यायला दहा दिवस लागत असतील तर निदान त्या दहा दिवसांची विक्री निघेल एवढा माल शिल्लक असतानाच ऑर्डर जायला हवी. वर अनिश्चिततेपोटी थोडा राखीव साठा, म्हणजेच सेफ्टी स्टॉक. पुढे अनेक वर्षं हॅरिसचं सूत्रही विल्सनच्याच नावानं ओळखलं जात होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विषयाला वेग आला. १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या एच. फोर्ड डिकीनं मालाची अ, ब, क अशी वर्गवारी मांडली. नग थोडे पण पैसा सर्वाधिक अडकलेला, ते ‘अ’. त्यांच्यावर बारीक नजर. खिळे-वॉशरसारख्या ‘क’ वर्गाचा रोज हिशेब ठेवत बसण्यात हशील नाही. मग संगणक आले आणि १९६० च्या दशकात जोसेफ ऑर्लिकीनं एक साधीच गोष्ट लक्षात आणून दिली: ५०० सायकली बनवायच्या ठरल्या असतील तर १००० चाकांचा अंदाज बांधायचा नसतो, ते सरळ गणित असतं. अंदाज फक्त तयार मालाचा. सुट्या भागांची गरज उत्पादनाच्या वेळापत्रकातून निघते.

२६ जून १९७४ ला ओहायोतल्या एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला आणि विक्री होताक्षणी साठ्यातून नग वजा होऊ लागला. आता तरी कागदावरचा आणि फळीवरचा आकडा जुळेल, असं वाटणं साहजिक होतं. पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका साखळीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या, तर ६५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. चोरी, मोडतोड, चुकीच्या जागी ठेवलेला माल, एका नगाऐवजी दुसराच दोनदा स्कॅन करणं. यंत्राला यातलं काही दिसत नाही.

दरम्यान जपानमध्ये टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी वेगळीच वाट धरली होती. पुढच्या टप्प्यानं जेवढं उचललं तेवढंच मागच्यानं बनवायचं, आणि हा निरोप कानबान या कार्डानं द्यायचा. याकडे हॅरिसच्या विरोधातलं बंड म्हणून पाहिलं जातं. मला तसं वाटत नाही. १९६९ च्या सुमारास शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली टोयोटानं पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या १००० टनी प्रेसचा साचा बदलण्याचा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि अखेर तीन मिनिटांवर आणला. साचा बदलणं म्हणजे हॅरिसचा यंत्र नव्या कामासाठी लावण्याचा खर्चच. वरच्या उदाहरणात ऑर्डरखर्च १०० ऐवजी १ घाला: २०० चे थेट २० नग होतात. सूत्र तेच राहिलं. इतरांनी जो खर्च दैवाधीन मानला होता, तो यांनी पाडला. केवळ साठा कमी करायचा म्हणून ज्यांनी नक्कल केली आणि साचा बदलण्याचा वेळ तसाच ठेवला, त्यांच्या ते अंगलट येणारच होतं.

अर्थात टोयोटालाही याची किंमत मोजावी लागली. १ फेब्रुवारी १९९७ ला टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आइसिन कंपनीच्या करियातल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाला लागणारा ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा आणि टोयोटाकडे त्याचा साठा काही तासांचाच होता. जपानमधलं टोयोटाचं बहुतेक उत्पादन काही दिवस ठप्प झालं. इतर पुरवठादारांनी घाईघाईनं व्हॉल्व्ह बनवून दिले तेव्हा गाडं रुळावर आलं. २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर तर कंपनीनं कुठल्या सुट्या भागांचा पुरवठा पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागेल हे तपासलं, आणि चिप्ससारख्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. २०२१ च्या सुरुवातीला चिपटंचाईनं इतर मोटार कंपन्यांचे कारखाने थांबू लागले, तेव्हा टोयोटाचं काम बऱ्याच अंशी त्याच साठ्यावर चालू राहिलं.