एकच स्ट्रॉन्शियम, दोन आकडे

सीताबर्डीच्या टेकडीचा काळा बेसाल्ट आणि रामटेककडचा फिकट नाइस खडक, दोन्हींत स्ट्रॉन्शियम अगदी सारखं आहे असं धरा. दोन्ही दळून, दाबून पेलेट (वड्या) केले आणि एक्सआरएफमध्ये ठेवले (हे यंत्र नमुन्यावर क्ष-किरण सोडतं आणि प्रत्येक मूलद्रव्यातून निघणारे त्याचे खास क्ष-किरण मोजतं), तर बेसाल्टमध्ये स्ट्रॉन्शियमचे काउंट, म्हणजे मोजलेले किरण, कमी येतात. यंत्र बिघडलेलं नसतं. बेसाल्टमधलं भरपूर लोह स्ट्रॉन्शियमचे क्ष-किरण बाहेर पडण्याआधीच गिळतं. हाच मॅट्रिक्स इफेक्ट: नमुन्यातल्या बाकीच्या घटकांचा मोजणीवर होणारा परिणाम. एकीकडे दख्खनचा लाव्हा, दुसरीकडे मनसर-कांद्रीचं मॅंगनीज, अशा नागपुरात तो टाळून चालत नाही.

अडचण जुनीच आहे. 1923 मध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी कोपनहेगनला हाफनियम शोधलं, तेव्हा त्याचं प्रमाण काढायला त्यांनी नमुन्यात मोजून टँटलम मिसळलं. शेजारचं मूलद्रव्य, म्हणजे दोघांवर परिणामही जवळपास सारखाच. युक्ती नामी होती, पण खडकातल्या दहा-बारा घटकांसाठी दहा-बारा शेजारी आणायचे कुठून?

पुढे दोन वाटा फुटल्या. एक भट्टीची. 1950 च्या दशकात क्यूबेकमधल्या फर्नांड क्लेस यांनी खडकाची पूड बोरेटमध्ये वितळवून काचेची चकती केली. खनिजांचे कणच उरले नाहीत, आणि बोरेटमध्ये मिसळून पूड विरळ झाल्याने खडकाखडकांतला फरकही बोथट झाला. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात नॉरिश आणि हटन यांनी त्यात लँथॅनम घातलं: शोषण मुळातच इतकं वाढवायचं, की नमुन्याच्या फरकाने फारसं बिघडू नये. मला ही कल्पना सगळ्यांत धीट वाटते.

दुसरी वाट गणिताची. शर्मन यांनी 1955 मध्ये क्ष-किरणांच्या तीव्रतेचं पूर्ण समीकरण मांडलं, पण ते हाताने सोडवणं म्हणजे शिक्षाच. 1966 मध्ये कॅनडाच्या लाशान्स आणि ट्रेल यांनी ते सुटसुटीत अल्फा गुणांकांवर, म्हणजे एका घटकाचा दुसऱ्याच्या मोजणीवर किती परिणाम होतो ते सांगणाऱ्या आकड्यांवर आणलं. त्यातही गोम आहेच: दुरुस्तीला घटकांचं प्रमाण लागतं आणि नेमकं तेच शोधायचं असतं. म्हणून आधी अंदाज, मग दुरुस्ती, पुन्हा दुरुस्ती, आकडा हलायचा थांबेपर्यंत. स्ट्रॉन्शियमसारख्या सूक्ष्म घटकांना मात्र कॉम्प्टन विखुरणाचा, म्हणजे नमुन्यावर आदळून थोडी ऊर्जा गमावून विखुरलेल्या क्ष-किरणांचा आधार पुरतो; नमुन्यातलं शोषण वाढलं की तेही घटतात.

मॅंगनीज खनिजात आणखी एक गफलत होते. मॅंगनीजच्या क्ष-किरणांची के-बीटा रेषा 6.49 केईव्ही ऊर्जेवर, लोहाची के-अल्फा 6.40 वर; दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि लोह उगाच फुगलेलं दिसतं. हा मॅट्रिक्स इफेक्ट नव्हे. अल्फा गुणांक कितीही घासले तरी तो जात नाही. त्याची वजावट आधी करायची, मग दुरुस्तीला हात घालायचा.