ड्रोन विमानाला धडकेल का: हे भांडण सुरू कुठून झालं

१७ एप्रिल २०१६ ला जिनिव्हाहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं ए३२० विमान लंडनच्या हीथ्रोवर उतरलं आणि पायलटने सांगितलं की उतरताना नाकावर काहीतरी आपटलं, बहुतेक ड्रोन असावा. आत १३२ प्रवासी. झालं, दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरात तेच, ड्रोनने प्रवासी विमानाला ठोकलं. विमान तपासलं तर साधा ओरखडा नाही, पुढच्या फ्लाइटला सोडून दिलं, आणि काही दिवसांतच ब्रिटनचे एक मंत्री म्हणाले की ती प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा असू शकेल. त्या पिशवीवरून आजतागायत दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते हा सगळा बागुलबुवा आहे, दुसरी म्हणते एक दिवस जंबो पडल्याशिवाय तुम्हाला अक्कल येणार नाही. माझं मत असं की दोघंही बराच काळ चुकीच्या माणसाकडे बघत होते. पायलटला काय दिसलं यावर सगळी हाणामारी, आणि ड्रोन उडवणाऱ्याला काय दिसत नव्हतं ते बघायला फार उशीर झाला. पण ते कळायला थोडं मागे जायला लागेल.

रिमोटची विमानं काही नवीन नाहीत. अमेरिकेत या हौशी लोकांची संघटना, अकॅडमी ऑफ मॉडेल एअरोनॉटिक्स, १९३६ ची आहे. १९८१ मध्ये तिथल्या एफएएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने, एक छोटंसं सूचनापत्र काढलं: ४०० फुटांच्या वर जाऊ नका, विमानतळाच्या ३ मैलांच्या आत असाल तर टॉवरला कळवा, खरं विमान दिसलं तर बाजूला व्हा. सगळं ऐच्छिक, दंड वगैरे काही नाही, आणि हे तीसेक वर्षं मजेत चाललं. का चाललं? कारण तेव्हाचं मॉडेल विमान उडवणं महाकटकटीचं काम होतं. महिनोन् महिने बाल्साचं लाकूड कापून चिकटवून बनवायचं, ठरलेल्या मैदानात न्यायचं, शेजारी चार अनुभवी म्हातारे उभे, आणि मुख्य म्हणजे विमानावरची नजर हटली की ते जमिनीवर. कॅमेरा नाही, जीपीएस नाही, डोळा हाच एकमेव दोरा. त्यामुळे आकाशात दुसरं काही आलं तर आपोआप दिसायचं, कारण मान वरच असायची. नियम नव्हते तरी सुरक्षितपणा त्या खटाटोपातच होता.

आता टायमिंग बघा. २०१२ मध्ये अमेरिकन संसदेने एफएएच्या कायद्यात कलम ३३६ घातलं, की हौशी मॉडेल विमानांवर एफएएने नवीन नियम करायचेच नाहीत. हे त्या लाकूड चिकटवणाऱ्या लोकांसाठी होतं, त्यांनी इतकी वर्षं कुणाला त्रास दिला नव्हता, तेव्हा ठीकच. आणि २०१३ च्या जानेवारीत डीजेआय या चिनी कंपनीने फँटम नावाचा ड्रोन बाजारात आणला. खोक्यातून काढा, चार्ज करा, उडवा, हात सोडला तरी हवेत जागच्या जागी उभा राहतो आणि सिग्नल गेला तर स्वतः घरी येतो. पुढच्या मॉडेलांत कॅमेऱ्याचं चित्र थेट फोनच्या स्क्रीनवर यायला लागलं. इथे मान खाली गेली, आणि मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला खरा वळणाचा क्षण हाच आहे, तो कुठल्याही अपघाताच्या यादीत सापडणार नाही. ज्यांनी उडवलाय त्यांना माहितीये, स्क्रीनवर इतकं सुंदर दिसत असतं की वर बघायचं लक्षातच राहत नाही.

म्हणजे धडक आधी कधी झालीच नव्हती असं नाही हां. ऑगस्ट २०१० मध्ये कोलोरॅडोत ब्रायटनला एका मैदानावरून एक खरं, माणूस बसलेलं दुपंखी विमान कमी उंचीवरून गेलं आणि तिथे उडणाऱ्या मोठ्या मॉडेलला धडकलं. पंखाचं नुकसान झालं, पायलट सुखरूप उतरला. पण तिथे सगळे एकाच मैदानावर होते, सगळ्यांना एकमेकांचं माहीत होतं, म्हणून त्याचा पुढच्या ड्रोनांइतका गाजावाजा झाला नाही.

मग कायद्याची गंमत सुरू झाली. राफाएल पिर्कर नावाच्या उडवणाऱ्याने २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात रिमोटचं विमान उडवून शूटिंग केलं होतं, एफएएने त्याला १० हजार डॉलर दंड लावला. मार्च २०१४ मध्ये न्यायाधीश म्हणाले, याला लागू होईल असा नियमच नाही. नोव्हेंबरमध्ये वरच्या बोर्डाने ते फिरवलं, म्हणाले हेही विमानच. शेवटी जानेवारी २०१५ मध्ये ११०० डॉलरवर तडजोड. म्हणजे लाखो ड्रोन विकले जात असताना ड्रोन हे विमान आहे की खेळणं, हेच ठरत नव्हतं.

याच काळात आकड्यांची लढाई पेटली. ऑगस्ट २०१५ मध्ये एफएएने पायलट वगैरेंकडून आलेल्या ७६४ रिपोर्टांची यादी जाहीर केली, बातम्यांत लगेच ७६४ वेळा थोडक्यात वाचले असं झालं. मॉडेलवाल्या संघटनेने यादी बसून वाचून काढली आणि सांगितलं की थोडक्यात टक्कर टळली असं स्पष्ट लिहिलेले रिपोर्ट फक्त २७ आहेत, साडेतीन टक्के. बाकीच्यात नुसतं दिसलं एवढंच, काहींमध्ये तर ड्रोन परवानगीने उडत होता. डिसेंबरमध्ये बार्ड कॉलेजच्या ड्रोन अभ्यास केंद्राने ९२१ घटना घेतल्या आणि ३२७ धोकादायक जवळिकीच्या आहेत असं सांगितलं. जवळपास तोच माल, एकाचे साडेतीन टक्के, दुसऱ्याचे ३६. कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. एकाने पायलटने शब्द काय वापरले ते मोजलं, दुसऱ्याने अंतर आणि उंचीचे निकष लावले.

आणि मुळात पायलटच्या डोळ्यावर किती भरवसा ठेवायचा? जरा हिशोब करू. उतरायच्या आधी जेट साधारण २५० नॉटने येत असेल तर ते सेकंदाला जवळजवळ १३० मीटर कापतं. ३५ सेंटिमीटरचा ड्रोन ४०० मीटरवरून म्हणजे हात लांब करून धरलेल्या बोटांमधला अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तो दिसेपर्यंत, दिसला तर, तीन सेकंद उरलेत. त्या तीन सेकंदांत चेकलिस्ट, रेडिओ, धावपट्टी हे सगळं चालू असताना पायलट पक्षी, फुगा, पिशवी आणि ड्रोन यातला फरक करणार? शिवाय आकार माहीत नसलेल्या वस्तूचं अंतर नुसत्या नजरेने कळत नाही, छोटी जवळ आहे का मोठी लांब आहे, डोळ्याला सारखंच. पायलट खोटं बोलत नाहीत, पण डोक्यात ड्रोन हा शब्द बसला की आधी जे काहीतरी होतं ते ड्रोन होऊन बसतं.

मार्च २०१६ मध्ये मर्केटस सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेच्या दोघांनी वेगळाच रस्ता धरला. म्हणाले पक्ष्यांचा हिशोब लावू. पक्षी अब्जावधी, टकरा वर्षाला हजारोंनी नोंदल्या जातात, त्यातल्या नुकसान करणाऱ्या थोड्या. हे गणित २ किलोच्या ड्रोनला लावून त्यांनी काढलं की ड्रोन-उड्डाणाच्या १८ लाख ७० हजार वर्षांत नुकसान करणारी एक टक्कर होईल, आणि माणूस जखमी व्हायला १८ कोटी ७० लाख वर्षं. हौशी लोक एकदम खुश. गणित मूर्खपणाचं नव्हतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत होती, की ड्रोन पक्ष्यांसारखेच आकाशात असतात. पक्षी सेल्फीसाठी वर जात नाही, आग बघायला येत नाही आणि त्याला विमानाचा आवाज ऐकू येतो.

दीड वर्षात उत्तर आलं. २१ सप्टेंबर २०१७, संध्याकाळ, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ अमेरिकन लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर सुमारे ३०० फुटांवर, त्याला फँटम ४ लागला. मुख्य पात्याला पोचा पडला, हेलिकॉप्टर नीट उतरलं आणि त्याच्यात ड्रोनची मोटर आणि ती ज्या दांडीवर असते तिचा तुकडा अडकलेला मिळाला. त्यावरून मालक सापडला. आता मजा बघा, हा माणूस अडीच मैल लांब उभा होता, ड्रोन केव्हाच नजरेआड गेलेला, संयुक्त राष्ट्रांच्या सभेमुळे तिथे उडवायला बंदी होती तेही त्याला माहीत नाही. सिग्नल गेला, थोडा वेळ वाट बघितली, ड्रोन आला नाही, त्याला वाटलं बिघडून समुद्रात पडला. हेलिकॉप्टरला धडकला हे त्याला तपास करणाऱ्यांचा फोन आल्यावर कळलं! पुढच्याच महिन्यात, १२ ऑक्टोबरला, क्यूबेक सिटीला उतरणाऱ्या आठ जणांच्या किंग एअर विमानाच्या पंखाला ड्रोन लागला, तेव्हाच्या ९० मीटरच्या मर्यादेच्या कितीतरी वर. किरकोळ नुकसान, सगळे सुखरूप.

तिकडे लॅबमध्ये वेगळीच जुंपलेली. मोठ्या प्रवासी विमानाची काच १.८ किलोचा पक्षी झेलेल अशी टेस्ट करून घ्यावी लागते, शेपटीला तर ३.६ किलोचा. मग एक किलोच्या ड्रोनचं काय मोठंसं? मोठंसं हे की पक्षी त्या वेगाला जवळजवळ पाण्यासारखा वागतो, आपटतो आणि पसरतो. ड्रोनमध्ये मोटरी, बॅटरी, कॅमेरा, सगळे टणक गोळे, ते पसरत नाहीत, घुसतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अश्योर गटाने हेच सांगितलं, सारख्या वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोन जास्त नुकसान करतो. सप्टेंबर २०१८ मध्ये डेटन विद्यापीठाच्या लोकांनी तोफेतून फँटम २ ताशी ३८० किलोमीटरच्या आसपास एका छोट्या मूनी विमानाच्या पंखावर मारला, तो पुढची कड फोडून आत गेला आणि पंखाच्या मुख्य दांड्याला इजा झाली. व्हिडिओ व्हायरल. डीजेआयने चिडून पत्र लिहिलं की हा वेग प्रत्यक्षात शक्यच नाही, व्हिडिओ मागे घ्या. वेगाबद्दल त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं, पण पंख फाटलेला एकदा बघितला की गणित कोण ऐकतंय. यात एक गोष्ट हमखास राहून जाते: सगळे जंबोबद्दल बोलतात, आणि ज्यांच्या काचेला पक्ष्याचीही टेस्ट लागत नाही अशी छोटी विमानं आणि हलकी हेलिकॉप्टरंच ड्रोनच्या उंचीवर उडत असतात.

आणि मग लंडनजवळचं गॅटविक विमानतळ. १९ डिसेंबर २०१८ च्या रात्री ड्रोन दिसला म्हणून धावपट्टी बंद, ऐन नाताळात जवळजवळ हजार फ्लाइटी बोंबलल्या, १ लाख ४० हजार लोक अडकले. एका जोडप्याला उचललं, पेपरांनी फोटो छापले, मग सोडून दिलं, पुढे पोलिसांना त्यांना भरपाई द्यावी लागली. मध्येच एक पोलीस अधिकारी बोलून गेले की मुळात ड्रोनच नसण्याची शक्यता आहे. शोधायला पोलिसांनी स्वतःचे ड्रोन उडवले होते, काही रिपोर्ट त्यांचेच असण्याची शक्यता. आजपर्यंत ना ड्रोन मिळाला ना माणूस. बागुलबुवा पार्टीला यापेक्षा मोठी भेट कुठली? पण बघा, एकही टक्कर न होता विमानतळ दीड दिवस ठप्प होऊ शकतो हेही त्यातूनच कळलं. जुलै २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात हेच झालेलं, वणव्यावर पाणी टाकणारी विमानं ड्रोन दिसले म्हणून थांबवली आणि तेवढ्यात आग हायवेवर येऊन गाड्या जळाल्या.

पायलटची नजर सोडून दुसऱ्या टोकाची नजर बघायला पाहिजे हे मला पटलं ते टोरोंटोजवळच्या प्रकरणाने. १० ऑगस्ट २०२१, बटनव्हिल विमानतळावर सेसना १७२ हे छोटं विमान उतरत होतं, शिकणारा आणि शिकवणारा दोघंच. धाडकन आवाज, त्यांना वाटलं पक्षी. खाली उतरून बघतात तर इंजिनच्या कव्हरला आणि पंख्याला मार. धडकलेला ड्रोन कुणा टवाळाचा नव्हता, पोलिसांचा होता, मोठा मॅट्रिस २१०, कामावर असलेला, ट्रेनिंग घेतलेला माणूस उडवतोय, शेजारी आकाशाकडे बघायला दुसरा माणूस नेमलेला. आणि तरी कुणालाच विमान दिसलं नाही. उडवणारा स्क्रीनवरच्या कामात बुडालेला, आणि बघायला ठेवलेल्याला आकाश कसं तपासायचं हे कुणी शिकवलेलंच नव्हतं, नियमातही तशी सक्ती नव्हती. ९ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यावर क्यूबेकहून आलेल्या पाणी टाकणाऱ्या सुपर स्कूपरच्या पंखाला ड्रोनने भोक पाडलं, विमान काही दिवस जमिनीवर. हाही माणूस पार्किंगच्या इमारतीवरून उडवत होता, ड्रोन अडीच किलोमीटर लांब, नजरेच्या पार बाहेर. पुढे त्याने गुन्हा कबूल केला.

या सगळ्यात नियम मागून धावत आले. डिसेंबर २०१५ ला अमेरिकेत ५ डॉलरची नोंदणी, २०१७ च्या मे मध्ये कोर्टाने ती हौशी लोकांपुरती उडवली, डिसेंबरात संसदेने परत आणली, २०१८ मध्ये ते कलम ३३६ च काढून टाकलं, मग रिमोट आयडी, म्हणजे ड्रोनने हवेत स्वतःची नंबरप्लेट ओरडत राहायची. ते धडकेनंतर माणूस शोधायला उत्तम. त्यापेक्षा डीजेआयने २०२० पासून नव्या ड्रोनांत विमानांचे सिग्नल पकडणारा रिसीव्हर बसवायला घेतला ते मला कामाचं वाटतं, कारण इशारा नेमका त्या स्क्रीनवर येतो जिथे उडवणारा बघतच असतो. फक्त ते वचन होतं २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनांसाठी. आणि हा २५० ग्रॅमचा आकडा, ज्याच्या खाली अनेक देशांत नोंदणीची कटकट कमी होते आणि म्हणून ज्याच्यासाठी २४९ ग्रॅमचे ड्रोन बनवले जातात, तो अमेरिकेत २०१५ मध्ये एका समितीने काढला तेव्हा हिशोब होता वरून पडलेला ड्रोन खाली उभ्या माणसाच्या डोक्यात बसला तर काय होईल याचा. विमान त्या गणितात धरलेलंच नव्हतं.