चिंधीच्या वस्तूंसाठी प्रदर्शनात स्टॉल: अर्ज नेमका कुठे अडतो

जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, शिंप्याकडच्या कात्रणांचे बटवे, जीन्सच्या पिशव्या असा माल करणाऱ्या गावातल्या लहान युनिटला मोठ्या प्रदर्शनातले स्टॉलभाडे परवडत नाही. तीन बाय तीन मीटरचा, म्हणजे नऊ चौरस मीटरचा गाळा धरला तरी भाड्यावर वर जीएसटी लागतोच. हे भाडे भरून निघावे म्हणून केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची ‘प्रोक्युअरमेंट अँड मार्केटिंग सपोर्ट’ योजना आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांना ठरलेल्या मर्यादेत गाळ्याच्या भाड्याचे ८० टक्के परत मिळतात; महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उद्योजकांना १०० टक्के. विदर्भासाठी संबंधित कार्यालय नागपूरला आहे. फॉर्म भरणे, फोटो जोडणे हे कोणतेही सेवा केंद्र करून देते. अर्ज अडतो तो त्याआधीच्या कागदांवर.

पहिला अडथळा उद्यम प्रमाणपत्राचा, म्हणजे लहान उद्योगाच्या केंद्र सरकारकडच्या नोंदणीचा. ते आहे का, एवढे बघून भागत नाही. ‘मेजर ॲक्टिव्हिटी’च्या ओळीत काय छापले आहे ते वाचा. केंद्रावरचा मुलगा विचारतो, “काय करता?” बाई सांगते, “पिशव्या विकतो.” तो ४७ ने सुरू होणारा किरकोळ विक्रीचा कोड (व्यवसायाच्या सरकारी वर्गीकरणाचा क्रमांक) टाकून मोकळा होतो. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ४५, ४६ आणि ४७ या कोडांना फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरता. प्रमाणपत्रावर तसे कंसात छापलेलेही असते, वाचत मात्र कोणी नाही. तुम्ही शिवता म्हणजे उत्पादक आहात. जुन्या साड्यांचे कपडे १४१० मध्ये येतात, गोधड्या, अभ्रे व पडदे १३९२ मध्ये, पर्स आणि बॅगा १५१२ मध्ये. उद्यमच्या संकेतस्थळावर दुरुस्ती फुकट होते. नोंदणीही फुकटच आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नाही. २०२० पूर्वीचे ‘उद्योग आधार’ लॅमिनेट करून ठेवले असेल तर ते आता चालत नाही.

दुसरा अडथळा, प्रमाणपत्र कोणाच्या नावाचे. बाईच्या आधारला मोबाइल जोडलेला नसतो, ओटीपी येत नाही, मग नवऱ्याच्या आधारवर नोंदणी उरकली जाते. त्या क्षणी उद्योग कागदोपत्री पुरुषाचा होतो आणि १०० टक्क्यांचा हक्क जातो. आधी मोबाइल जोडून घ्या, पोस्टमनही हे काम करतो. पॅनवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, हेही नेहमीचेच. त्यासाठी राजपत्रात नावबदल छापण्याच्या मागे धावू नका. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हेच विवाह निबंधक असतात. त्यांच्याकडून विवाह नोंदणीचा दाखला घ्या आणि त्यावर पॅनमधले नाव बदला. याला काही आठवडे जातात, म्हणून प्रदर्शनाची जाहिरात येण्याची वाट बघत बसू नका.

गटाच्या नावाने जायचे असेल तर वाट वेगळी. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांसाठी सरस प्रदर्शने असतात, मुंबईतले महालक्ष्मी सरस त्यातलेच. तिथे निवड तालुका आणि जिल्हा अभियान कक्षामार्फत होते. वैयक्तिक उद्यम दाखवून गटाचा स्टॉल मागू नका, आणि गटाच्या खात्यातून भाडे भरून वैयक्तिक परतावाही मागू नका. दोन्ही अर्ज परत येतात.

आता कोणाकडेच नसलेला कागद. टाकाऊतून केलेल्या मालाच्या दालनासाठी आयोजक कच्च्या मालाचा पुरावा मागतात. चिंधीचे बिल कोण देणार? भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणारी बोहारीण पावती देत नाही, शिंपी तर “घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होते” म्हणतो. म्हणून लोक ‘लागू नाही’ लिहितात आणि तिथेच बाद होतात. तुमचा पुरावा तुम्हीच तयार करा. साधी शंभर पानी वही घ्या, पानांना क्रमांक द्या आणि माल आणल्याच्या दिवशीच नोंद करा: तारीख, गाव, कोणाकडून, काय (सुती साडी, होजिअरी कात्रण, डेनिम), किती किलो, किती रुपये किंवा ‘विनामूल्य’, देणाऱ्याची सही किंवा अंगठा. शेजारच्या पानावर त्यातून निघालेले नग आणि उरलेली चिंधी किलोत. आलेले वजन आणि गेलेले वजन ढोबळमानाने जुळायला हवे. ४० किलो माल आणून ६० किलोच्या गोधड्या दाखवल्या तर आतले नवे अस्तर किंवा भरण वेगळे लिहावेच लागेल. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री एकाच शाईने वर्षभराची वही लिहू नका. ती लगेच ओळखू येते.

वस्तूच्या वर्णनातले शब्दही जपून वापरा. ‘खादी’ हा शब्द खादी मार्क असल्याशिवाय लिहायचा नाही, २०१३ चे नियम तसे आहेत. वर्धा-सेवाग्रामच्या आसपासच्या मंडळींना हाताने कातलेल्या सुताला खादी म्हणण्याची सवय असते, फॉर्मवर ती महागात पडते. ‘जीआरएस प्रमाणित’ (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड, पुनर्वापर केलेल्या मालाचे प्रमाणपत्र) हेही तसेच: आपण प्रमाणपत्र घेतलेले नसेल तर पुरवठादाराच्या कापडावरचे चिन्ह आपल्या फलकावर येत नाही. ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’ असे मोघम दावे पुराव्याशिवाय करू नयेत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘बाहेरचे कापड वापरलेल्या सुती साड्यांचे, अस्तर नवे’ एवढे लिहा. मोजता येते ते लिहिले की तपासणारा अडवत नाही.

महाराष्ट्राबाहेर गेलात की जीएसटी आडवा येतो. गोंदियाहून रायपूर मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, म्हणून लोक सहज निघतात. राज्यात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण दुसऱ्या राज्यात गाळा लावून विकायचे तर रक्कम कितीही असो, ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ (तात्पुरता करदाता) म्हणून तिथे नोंदणी घ्यावी लागते. ती ९० दिवसांपर्यंत चालते आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर तो ५ टक्के आहे. जागेचा पुरावा म्हणून आयोजकाचे वाटपपत्र जोडा. तारखेचा गोंधळ इथेच होतो. कायदा म्हणतो, व्यवसाय सुरू होण्याच्या किमान ५ दिवस आधी अर्ज करा. आणि अर्ज तपासायला अधिकाऱ्याला मिळतात ७ कामाचे दिवस, आधार पडताळणी झाली नसेल तर ३०. पाच दिवसांत सात कसे बसवायचे हे कायदा लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. तुम्ही वाटपपत्र हातात पडले त्याच दिवशी अर्ज करा. दिल्लीचा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा १४ नोव्हेंबरला सुरू होतो. त्याआधी दिवाळीच्या सुट्या येतात, त्या मोजायला विसरू नका.

हस्तकलेच्या यादीतल्या वस्तूंना या नोंदणीतून २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे. पण वस्तू मुख्यतः हाताची आणि कलाकुसरीची हवी. पायमशीन वापरले म्हणून ती आपोआप बाद होत नाही, मात्र सगळीच शिलाई मशीनवरची असेल तर सूट धरून चालू नका. सूट घेतली तरी पॅन लागतो आणि राज्याबाहेर माल नेताना ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) काढावेच लागते, किंमत पाच हजार असली तरी. ५० हजारांची मर्यादा इथे लागू नाही. वाटेतल्या तपासणीत गाडी अडते ती बहुतेक याच समजुतीमुळे.

भाडे उद्यमवर असलेल्या नावाच्याच बँक खात्यातून भरा. मुलाच्या फोनवरून पाठवलेले पैसे स्टॉलवाल्याला चालतात, परताव्याच्या फाइलला चालत नाहीत. पावतीवरही तेच नाव, गाळा क्रमांक आणि तारखा असू द्या. रक्कम प्रदर्शनानंतर मिळते, त्यामुळे तोवरची तजवीज आधीच हवी. माल कमी खपला तर आगाऊ भरलेला जास्तीचा जीएसटीही परत मागता येतो, पण त्या नोंदणीची सगळी रिटर्न भरल्यानंतरच.